फोटोतून काढलेला लाल कोट

मी कोट आहे. लाल मखमलीचा, कॉलरवर चमकीच्या टिकल्या असलेला. हसायचं असेल तर हसून घ्या. अमरावतीच्या अर्ध्या लोकांनी आधीच हसून घेतलंय. तेच लोक आमच्या कार्यक्रमाला पुढच्या खुर्च्या धरण्यासाठी चहा अर्धा टाकून पळायचे.

माझा जन्म अकोल्याचा. देवीदास टेलरने गणपतीच्या मखराच्या उरलेल्या मखमलीतून मला शिवलं. माप घेताना म्हणाला, "शेठ, हा घालून ढेप तोलू नोका."

माझ्या मालकांनी, खुशालरावांनी, नेमकं तेच केलं. अमरावतीत त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान. गाईम्हशींच्या खुराकाची पोती दिवसभर स्वतः उचलायचे. संध्याकाळी ऑर्केस्ट्रा असला की गाडी यायच्या आत मला अंगात घालून तयार. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर माझ्यासकट पोतं खांद्यावर. मग स्टेजवर त्याच खांद्याला अकॉर्डियनचा पट्टा. डावा खांदा उतरला तो उतरलाच. माझी मखमलही तिथेच झिजली.

लोकांना त्याचं काय? तोंडावर "शेठजी, बसा", पाठ वळली की "बाजेवाला". मी खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेला, मला सगळं ऐकू यायचं. शेजारच्या बाया "या वयात चमकी शोभते काय" म्हणायच्या, आणि घरी डोहाळजेवण निघालं की फुकटात वाजवायला त्यांनाच बोलवायच्या. असली ही माणसं.

मागच्या महिन्यात खुशालराव गेले. दुकानातच, हातात पोत्याची सुतळी.

घरात त्यांचा बरा फोटो एकच. कौंडण्यपूरच्या जत्रेतला. अंगात मी, छातीवर अकॉर्डियन, तोंडभर हसू. मुलगा विपुल तो मोबाईलवर घेऊन बसला.

"तेरवीले अकोल्याचे सोयरे येतीन," तो बायकोला, मंजुषाला म्हणाला. "बाबा बँडवाले दिसून राहिले याच्यात."

"मंग कोट बदलून आना ना. फोटोवाले देतात करून."

"अन् खांदा?" खुशालरावांच्या बायकोने, जमुनाबाईंनी विचारलं. "तो तं राहू द्या त्यायचा."

"आई, वाकडं दिसते ते."

फोटो आला. काळा सूट, टाय, दोन्ही खांदे फूटपट्टीने आखल्यासारखे. हसूसुद्धा बारीक केलेलं. विमा विकायला आलेला कोणी इसम वाटावा असा. आणि मला जुन्या चादरींबरोबर गाठोड्यात बांधून दाराशी ठेवलं, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आली की तिला द्यायला.

तेरवीला भाषणं झाली. "बाजेवाला" म्हणणारेच "थोर कलावंत" म्हणाले. गाठोड्याच्या फटीतून मी सगळं पाहत होतो.

मग भातकुलीचे पुंजाजी आले. जन्मभर आमचीच ढेप नेणारे. त्यांनी फोटोपुढे हात जोडले, थबकले, आणि विपुलला म्हणाले, "हे कोन होय बावा? खुशालरावचा फोटो कुठी हाय?"

सोयरे एकमेकांकडे पाहू लागले. विपुलने खालमानेने फोटोकडे बोट दाखवलं.

"काहून थट्टा करतं?" पुंजाजी म्हणाले. "मी काय त्यायले वळखत नाई?"

जमुनाबाई उठल्या. गाठोडं सोडलं, मला झटकलं आणि फोटोखालच्या खुर्चीच्या पाठीवर चढवलं. माझा डावा खांदा आपसूक खाली उतरला.

पुंजाजींनी पुढे येऊन माझी बाही हातात धरली. "हां, हे खुशालराव," म्हणाले, आणि तिथेच खाली बसले. त्या घरात त्या दिवशी तेवढंच एक खरं भाषण झालं.

अजून मी त्याच खुर्चीवर आहे. विपुल येता-जाता तोंड फिरवतो. फिरवू दे. माझ्यावर हार मात्र घालू नका, ओल्या फुलांनी मखमल कुजते. अकॉर्डियन कपाटावर आहे. ज्याला ते वाजवता येतं आणि पोतं उचलायची लाज वाटत नाही, त्याने मला खुशाल अंगात घालावं. बाकीच्यांनी समोर बसावं. पुढच्या खुर्च्या धरायची सवय तुम्हाला आहेच.