शनिवारचा शब्द

“आजी, एका दमात म्हण. तू तुकडे करू लागलीस,” प्रियदर्शिनी म्हणाली.

“तुकडे केल्याबिगर गिळत नाही ते,” पद्मावतीबाई म्हणाल्या. पुढ्यात लसूण होता, नखं चिकट झाली होती आणि तोंडात तो इंग्रजी शब्द गरम भज्यासारखा इकडून तिकडे फिरत होता. इन्डिस्पेन्सेबल.

हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या ज्या इंग्रजी शाळेत त्या आया होत्या, तिथे रोज प्रार्थनेनंतर एक इंग्रजी शब्द सांगत. आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्य. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची तेव्हापासून बाई रांगांच्या मागे उभ्या राहून ते शब्द ऐकत आल्या होत्या. ऐकत म्हणजे काय, अर्धेच. कारण दोन्ही हात कुणाचं तरी नाक पुसण्यात, कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधण्यात गुंतलेले असत. उद्या त्या निवृत्त होणार होत्या आणि हेडमिस्ट्रेस शोभा मॅडमनी उद्याचा शब्द खास त्यांच्यासाठी निवडला होता. शब्द मॅडम सांगणार, वाक्य बाईंनी म्हणायचं.

“पण ह्याचा अर्थ काय गं, माय?”

“मीन्स... जिच्याबिगर चलतच नाही, तशी.”

बाईंचे हात थांबले. “कुणाचं चलत नाही?”

“स्कूलचं. तुझ्याबिगर.”

महिन्यापूर्वी बाई मॅडमच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आणखी एक वर्ष ठेवा, म्हणाल्या होत्या. जूनमध्ये नर्सरीत नवी पोरं येतील, रडतील, तेवढी रुळवून देते आणि मग जाते. मॅडम पुण्याच्या, बोलायला गोड. “बघते हं मी,” असं म्हणाल्या होत्या. त्यानंतर बाईंनी विषय काढला नाही. एकदा मागितलेलं पुन्हा मागायला त्यांची जीभ उचलत नसे.

“ऐकलं का?” त्या खाटेवर पडलेल्या नवऱ्याला, नामदेवरावांना म्हणाल्या. “हेच मॅडमचं उत्तर. मला ठेवू लागल्यात.”

बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानावर जन्म काढलेला तो माणूस. गोड बोलण्याचा भाव त्यांना ठाऊक होता. “अगं, निरोपाला समदेच चांगलं बोलतेत.”

“अख्ख्या शाळेसमोर? आन् मनात नसताना? मग एवढा अवघड शब्द कशाला काढला असता?”

हे कुठून येतंय ते नामदेवरावांना कळलं. उदगीरकडच्या त्यांच्या गावात चार माणसांत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नसे. त्यांचं स्वतःचं लग्नही तसंच ठरलेलं. बायकोने हैदराबादेत इतकी वर्षं काढली, तरी हा हिशेब तिने गावाकडचाच ठेवला होता.

शनिवारी शाल झाली, नारळ झाला. मॅडमनी माइकवर शब्द सांगितला, अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, “पद्माअम्मा इज इन्डिस्पेन्सेबल टु अस.” बाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि “आय ॲम इन्डिस्पेन्सेबल टु धिस स्कूल” एका दमात म्हणून टाकलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते अगदी खरं होतं. बाई मात्र हसत होत्या. संध्याकाळी गौलीगुड्याच्या घरी त्यांनी आपला निळा एप्रन धुतला आणि रविवारी इस्त्री करून घेतला.

सोमवारी नेहमीच्या बसने त्या शाळेच्या फाटकाशी उतरल्या. अंगात एप्रन होता.

“अम्मा, कुछ भूल गए क्या?” वॉचमन यादगिरीने विचारलं.

बाई उत्तर देणार, तोच त्यांना त्याच्या मागे एक पोरसवदा बाई दिसली. निळा एप्रन, इतका नवा की घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. व्हॅनमधून नर्सरीची पोरं उतरवताना तिची तारांबळ उडाली होती.

शोभा मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या. बाईंच्या अंगातला एप्रन त्यांनी पाहिला आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं.

“पद्माबाई... अहो, मी ट्रस्टला लिहिलं होतं. पुन्हा पुन्हा लिहिलं. वयाचा नियम आहे म्हणाले.”

“मला सांगितलं नाहीत ते.”

“शनिवारी सांगणारच होते. पण तुम्ही इतक्या खुशीत होतात...” मॅडम एक पाऊल पुढे आल्या. “पण तो शब्द मी मनापासून म्हटला होता हो.”

“हौ,” बाई म्हणाल्या. “ते मला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं, हेच तर अवघड होतं. मॅडम खोटं बोलल्या असत्या तर निदान रागावता तरी आलं असतं. बाईंना फार लागलं, आणि ते कुणाच्या पदरात टाकावं हे त्यांना कळेना.

व्हॅनमध्ये एक पोर उतरायला तयार नव्हतं, भोकाड पसरून बसलं होतं. बाईंचे हात आपोआप पुढे झाले. मग त्यांनी ते मागे नेले आणि पाठीवरची एप्रनची गाठ सोडली. मॅडम मदतीला सरसावल्या, पण गाठ सवयीने सुटली होती. बाईंनी एप्रनची नीट घडी घातली आणि त्या नव्या बाईच्या हातात ठेवली.

“रख ले, बेटी. एक से नहीं होता. बच्चे दूध गिरा देते.” मग वॉचमनकडे वळून त्या म्हणाल्या, “येइच देने कू आई थी मैं.”

“अच्छा, अच्छा,” यादगिरी म्हणाला आणि त्याने नजर खाली वळवली.

बाई बस थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे प्रार्थना संपली आणि माइकवर सोमवारचा शब्द आला. आज पुसायला कुणाचं नाक नव्हतं, हात मोकळे होते. गौलीगुड्याची बस समोर येऊन थांबली, कंडक्टरने आवाज दिला. बाईंनी हातानेच त्याला जा म्हटलं. वाक्य अजून व्हायचं होतं.