सीटचा दांडा

‘लोखंड असतं तर एव्हाना चहा पिऊन झाला असता,’ अण्णा मास्कच्या आत पुटपुटले.

ते फक्त क्षमाला ऐकू आलं. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर, बाथरूमच्या उंबऱ्यावर मग घेऊन उभी होती. करवतीच्या पात्यावर थेंब थेंब पाणी सोडायचं काम तिच्याकडे होतं. दांडा कार्बन फायबरचा, त्याची भुकटी कोरडी उडाली तर फुप्फुसात जाते, असं सुबोधने व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून बाथरूम, म्हणून सासरे, नवरा, बायको तिघांना मास्क, आणि म्हणून शनिवारचे दुपारचे तीन वाजले तरी घरात कुणाची आंघोळ नाही.

अण्णांनी गिरणीत एकतीस वर्षं फिटरकी केली होती. सायकलच्या सीटचा तो काळा दांडा त्यांनी आधी नखाने वाजवून पाहिला, मग शिकंज्यात घालून आवळायला घेतला. चिरडेल, चिरडेल, म्हणून सुबोधने त्यांचे हात धरले. शेवटी दांडा ओल्या बनियनमध्ये गुंडाळून अण्णांच्या मांडीवर आला. एवढ्या लाडाने त्यांनी पोटच्या पोरालाही कधी घेतलं नव्हतं.

बारीक दात्यांचं पातं, ते सरळ चालावं म्हणून खाचेची पट्टी, निळी चिकटपट्टी, पॉलिश पेपर. दोन महिने एकेक वस्तू कुरियरने येत होती. सायकल त्याआधीपासून हॉलमध्ये उभी होती. मालाडहून मुलुंडला ती टेंपोने आली होती. ट्रॅफिक फार, असं सुबोध म्हणाला होता, आणि कुणी काही विचारलं नव्हतं.

लग्नानंतर क्षमा आणि सुबोध अलिबागला गेले तेव्हा भाड्याने दोन सायकली घेतल्या होत्या. सुबोधची लगेच पंक्चर झाली. चार किलोमीटर तो ती हातात धरून चालला. क्षमाने मागून टायर दाबून पाहिला, तर दगडासारखा टणक. चोवीस वर्षं ती त्या टायरबद्दल बोलली नव्हती.

पण ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘पूर्वी खूप चालवायचो’ म्हणून बसलेला सुबोध उद्या सकाळी सहाला सुटणार नव्हता. सायकलवाल्यांचा अख्खा ग्रुप त्याला न्यायला फाटकाशी येणार होता. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले तर निभावून नेऊ, असं त्याने मनाशी धरलं होतं.

पहिली चकती बादलीत पडली. काप इतका स्वच्छ की अण्णांनी चष्मा वर करून पाहिला आणि नाइलाजाने मान डोलावली. सुबोध हॉलमध्ये कपाटाला धरून सीटवर बसला. नुसते अंगठे टेकले. दुसरी चकती पडली. आता चवडे टेकले, पण सीट थेट सांगाड्यावर येऊन बसली. पेडलवर पाय ठेवले तर गुडघे छातीशी. सुबोध उतरला, दांडा काढून पुन्हा बाथरूममध्ये आला आणि तिसऱ्यांदा निळी पट्टी गुंडाळायला लागला.

अण्णांनी करवत मागे घेतली.

‘आता खाली जायला जागा कुठे आहे? आता काय कापायचं, मेल्या? चाकं?’

क्षमाला हसू आवरेना. तिने घाईने नळ सोडला.

सुबोध पट्टी गुंडाळतच राहिला. मग त्याची बोटं थांबली. मास्कमधून तो काहीतरी म्हणाला. क्षमाला ते नीट ऐकू आलं. तिने नळ बंद केला, बादलीकडे बघत राहिली. अण्णांचे कान मात्र गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात कधीच गेलेले.

‘काय?’

सुबोधने क्षमाकडे पाहिलं. तिने मग खाली ठेवला. त्याने मास्क हनुवटीवर ओढला, आणि पलीकडच्या बिऱ्हाडातला मिक्सर बंद पडेल एवढ्या आवाजात म्हणाला,

‘मला सायकल येत नाही, अण्णा.’