यजमान आणि पाहुणे

मी एक जुना गुणफलक आहे, पण हल्ली माझ्यावर मिसळ लिहिलेली असते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळा गोंधळ या एका वाक्यात आला. तरीही तो नीट सांगायचा प्रयत्न करतो. सांगता सांगता कदाचित मलाच काही उमगेल.

माझा जन्म सांगलीला एका सुताराकडे झाला. सागवानी चौकट, आत काळा रंग दिलेली फळी आणि मधोमध एक उभी पांढरी रेघ. रेघेच्या डावीकडे 'यजमान' आणि उजवीकडे 'पाहुणे' असे शब्द ऑइल पेंटने रंगवलेले होते. खडूचे अक्षर ओल्या फडक्याने पुसले जाते, ऑइल पेंट पुसला जात नाही. माझ्या पुढच्या घोटाळ्याचे मूळ या साध्या फरकात आहे.

साताऱ्याच्या एका कबड्डी मंडळाने मला आपल्या मैदानावर नेले. तिथे मला सगळे कळत असे. चढाई झाली, गुण मिळाला, आकडा बदलला. यजमान आणि पाहुणे एकमेकांविरुद्ध असतात आणि ज्यांचा आकडा मोठा ते जिंकतात. याहून सोपे जगात काय असणार?

नाथाजी मला तिथेच भेटले. ते एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. स्वतः कधी खेळले नाहीत, पण मंडळाचा सामना त्यांनी कधी चुकवला नाही. ते माझ्या शेजारी उभे राहत आणि आपल्याच खेळाडूंवर ओरडत.

"आरं, पाय काय भाड्यानं आणल्यात व्हय रं? तुज्या आज्जीनं धरला आसता त्याला!"

सांगलीचा संघ आला आणि त्यांच्या खेळाडूने सुरेख पकड केली, की मात्र नाथाजी हळूच टाळ्या वाजवत आणि म्हणत, "वा, छान." मला वाटे, ज्यांच्यावर ओरडतात ते नावडते आणि ज्यांना छान म्हणतात ते आवडते. मग एका सामन्यात आमचे खेळाडू फार मागे पडले. नाथाजींचे ओरडणे थांबले. आमच्या एका पोराने चढाईत कसाबसा गुण आणला, तेव्हा ते त्यालाही हळूच म्हणाले, "छान." सामना अजून बराच बाकी होता, पण तो संपला आहे हे मला त्या शब्दावरून समजले. पुढे हे मी अनेकदा पाहिले. नाथाजींनी आपल्या माणसाला छान म्हटले, की त्यांनी आशा सोडलेली असे.

नंतर मॅटवरची कबड्डी आली. सामने हॉलमध्ये गेले आणि तिथे आकडे विजेवर उजळू लागले. मी मंडळाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पावसाळ्यात चौकट फुगली, उन्हाळ्यात आक्रसली, एका कोपऱ्यातला सांधा सुटला. ज्याच्याकडे आधी शेकडो डोळे लागलेले असत, त्याच्याकडे आता पालसुद्धा वळून पाहत नसे.

शेवटी नाथाजींनीच मला एका सकाळी हातगाडीवर घातले आणि मैदानामागच्या मनुबाईंच्या हॉटेलात आणले.

"मनुबाई, ह्याला जरा भिंत द्या," ते म्हणाले.

"आवं, हितं माणसांस्नी बसाय जागा न्हाई आन् ह्यो कुठं टेकवू?"

"सांगलीचा हाय. तुमच्या म्हायेरचा. घ्या आता."

मनुबाई हसल्या आणि मी चुलीसमोरच्या भिंतीवर चढलो. त्यांची सून सोनम हिने माझ्यावर खडूने लिहिले. 'यजमान'खाली मिसळ, वडा, भजी. 'पाहुणे'खाली चहा, ताक, जादा पाव. प्रत्येकापुढे आकडा होता. मला वाटले, सामना सुरू झाला. मिसळीचा आकडा चहापेक्षा मोठा, म्हणजे मिसळ जिंकली. पण दुसऱ्या दिवशीही तेच आकडे, तिसऱ्या दिवशीही तेच. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि तरी माणसे रोज येतात. शिवाय इथे यजमान पाहुण्यांना पाडत नाहीत, खायला घालतात. मी फार गोंधळलो.

निवृत्त झालेले नाथाजी माझ्याखालच्या बाकड्यावर रोज सकाळी बसत. त्यांचे शहराविषयीचे मत सगळ्या हॉटेलला ऐकावे लागे.

"साताऱ्यात आता माणसं कमी आन् गाड्या लय. पोवई नाक्यावर रस्ता जमिनीखाली घातला. गाडी झटक्यात जाती, पण वळखीचं माणूसच दिसंना. पयलं नाक्यावर चार जणांचा रामराम घिऊन घरी जायाचो."

हायवेवर नवे एसी हॉटेल निघाले, तेव्हा ते तिथेही जाऊन आले. "मेनूकार्ड हाय का लग्नाचा अल्बम? आन् समद्यात पनीर. पनीर म्हंजे बदली खेळाडू गड्या! कुठंबी उतरवा, कायबी करत न्हाई."

"मंग मालकाला सांगितलं का तसं?" मनुबाईंनी विचारले.

"त्याला कशाला सांगू? त्याला म्हनलं, छान."

नाथाजी सांगलीला सामने बघायला गेले की तिथून भडंग आणत. "लय तेलकट करत्यात हे सांगलीवालं," असे म्हणत ते पुडा संपवत. आणि मनुबाईंच्या मिसळीला तर ते रोज नावे ठेवत.

"आज मीठ कुठं गेलं, म्हायेरी?"

"मटकी शिजलीया का नुसती घाबरलीया?"

"सांगलीची तर्री ही, दिसाय लालभडक, आन् चढाईत बाद."

मग लिंबू पिळत आणि वाटी पुसून खात. ही मिसळ त्यांना आवडते की नाही, हे मला ठरवता येत नव्हते.

मित्रांनो, माझी जागा चुलीसमोर असल्यामुळे एक गोष्ट मात्र फक्त मला ठाऊक होती. एका मोठ्या तापानंतर मनुबाईंचा वास गेला होता आणि जिभेवरची चवही गेली होती. पळीतला मिसळीचा कट त्या जिभेवर घेत, थांबत, पुन्हा घेत आणि चेहऱ्यावर काहीच उमटत नसे. तिखट तेवढे कळे, कारण तिखट ही चव नाही, तो चटका आहे आणि चटका वेगळ्या वाटेने पोहोचतो. खारट, आंबट, गोड सगळे पुसले गेले होते, जसे माझ्यावरून आकडे पुसतात.

हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. त्यांचा मुलगा शंभूराज फौजेत होता. तो फोनवर सारखा म्हणे, "आये, लय राबलीस. हाटेल बंद कर आन् निवांत बस." चव गेल्याचे त्याला कळले असते, तर चूल त्याच दिवशी विझली असती. मनुबाईंना निवांत बसायचे नव्हते. एकदा मटकी निवडता निवडता त्या स्वतःशीच म्हणाल्या होत्या, "बसले तर उठायची न्हाई मी."

म्हणून त्या नाथाजींच्या जिभेवर स्वयंपाक करत होत्या. नाथाजी पहिली वाटी खात, ओरडत आणि मनुबाई पाठ फिरवून पातेल्यात मीठ किंवा पाणी घालत. नाथाजींना वाटे, आपण टोमणे मारतो आहोत. मनुबाई त्यातून माप काढत. पुढच्या गिऱ्हाइकांना मिसळ नेमकी लागे.

सोनमला यातले काहीच माहीत नव्हते. तिला एवढेच दिसे, की तापातून उठलेली सासू राबते आहे आणि एक म्हातारा रोज तिला बोल लावतो आहे. एके दिवशी नाथाजी हात धूत असताना ती हळू आवाजात त्यांना म्हणाली, "मामा, रागावू नका. आत्यांना आताशा बरं नसतं. तुम्ही रोज नावं ठेवता. जरा गोड बोललात तर त्यांना बरं वाटंल."

नाथाजींचा हात नळाखालीच राहिला. "मला काय ठावं, पोरी," ते म्हणाले. "चुकलं माजं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीतला घास घेतला, थोडे थांबले आणि म्हणाले, "छान झालीया, मनुबाई."

मी भिंतीवर हादरलो. मैदानावरचा तो शब्द मी कसा विसरणार?

मनुबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "मीठ?"

"बरोबर हाय."

"तर्री?"

"छान."

त्या दिवसापासून पातेल्याला वाट दाखवणारे कोणी उरले नाही. मनुबाई अंदाजाने मीठ घालू लागल्या. जे कळते त्यावर त्यांचा भरवसा राहिला आणि कळत फक्त चटका होता, म्हणून तिखट वाढत गेले. गिऱ्हाइके काही बोलत नसत. कोणी विचारले तर "मस्त, मावशी" म्हणत आणि वाटीत निम्मे ठेवून उठत. काही चेहरे यायचे थांबले. नाथाजी मात्र रोज येत, दोन तांबे पाणी पीत, "छान" म्हणत आणि मान खाली घालून जात. शहराविषयीही ते बोलेनासे झाले. सगळे सगळ्यांशी गोड बोलत होते आणि हॉटेल रिकामे होत होते. मी फळा आहे, माणूस नाही, पण हे गणित मला कोणत्याही बाजूने सुटेना.

मग एका सकाळी मनुबाईंनी सोनमच्या हातातल्या उष्ट्या वाट्या पाहिल्या. प्रत्येक वाटीत लाल कट उरलेला होता. नाथाजी चपला घालत होते.

"थांबा नाथाजी," मनुबाई म्हणाल्या. "मिसळ कशी झालती?"

"छान की."

"त्या एसीवाल्याला म्हनलावता, तसं छान?"

नाथाजींनी सोनमकडे पाहिले. सोनमने मान खाली घातली.

"तिच्याकडं काय बघताय? माझ्याकडं बघा. कवापास्नं ऐकतीया मी हे छान, छान. एवढी परकी झाले व्हय मी? खरं सांगा."

नाथाजींनी एक पाऊल मागे घेतले, मग पुढे आले. मैदानावरचा त्यांचा आवाज मला फार दिवसांनी ऐकू आला.

"खारट! लय खारट! पाव समुद्रात बुडवून खाल्ल्यागत! आन् तिखट एवढं, की कानातनं वाफ निघती! पंधरवडा झाला, घरी जाऊन नुस्ता दहीभात खातोय मी!"

"मामा!" सोनम ओरडली.

पण मनुबाई बाकड्यावर बसल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी सगळे सांगितले. वास कसा गेला, चव कशी गेली आणि नाथाजींच्या ओरडण्यावर चूल कशी चालत होती. "तुमी गोड बोलाय लागला आन् मी आंधळी झाले," त्या म्हणाल्या.

चुलीवर कट रटरटत होता.

"आत्या, मला का नाही सांगितलंत?" सोनमने विचारले. "रोज तुमच्या शेजारी उभी असते मी."

"सांगितलं आसतं, तर शंभूराजला फोन गेला आसता."

सोनमने ते नाकारले नाही. तिने आच बारीक केली, पातेल्यातला कट पळीत घेतला, फुंकला आणि चाखला. तिचे डोळे पाणावले, पण ते तिखटाने असावेत. "आईगं," ती म्हणाली. "मामा, हे तुम्ही रोज कसं खात होता?"

"छान म्हनून," नाथाजी म्हणाले.

मग त्यांनी खिडकीतला खडूचा तुकडा उचलला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चहा, ताक आणि जादा पाव यांच्या खाली, पाहुण्यांच्या बाजूला, त्यांनी ठळक एकचा आकडा लिहिला.

"हे काय?" मनुबाईंनी विचारले.

"खरी तक्रार, पाव्हण्यांना एक गुण. वाटी पुसून आली, की यजमानांना एक. हितनं पुढं कुणीबी फुकट छान म्हणायचं न्हाई."

सोनमने त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला नियम समजावला. आधी माणसे संकोचली. मग एक जण म्हणाला, "मावशी, मीठ कमी करा वाईच." दुसरा म्हणाला, "पाव कालचा वाटतोय." खडू चालू लागला. सोनम चाखत होती, मनुबाई ऐकत होत्या आणि पातेले हळूहळू रुळावर येत होते. दुपारनंतर डावीकडेही काही आकडे उमटले. माझ्या अंगावर पुन्हा आकडे बदलत होते!

संध्याकाळी शंभूराजचा फोन आला. सोनमने तो घेतला. मनुबाईंचे हात भज्यांच्या पिठातच थांबले. आता ही सांगणार, असे त्यांना वाटले असावे. मलाही वाटले.

"आये कशी हाय? हाटेल कसं चाललंय?" फोनमधून आवाज आला.

सोनमने सासूकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"आत्यांची चव गेलीय," ती म्हणाली. "दवाखान्यात दाखवू. पण हॉटेल बंद करायचं नाही. आता मी चाखते. आज पाहुणे पुढं हायत, आपण हरतोय." ती क्षणभर थांबली. "पण सामना चालू हाय."

मनुबाईंनी पुन्हा पीठ कालवायला घेतले.

मित्रांनो, त्या संध्याकाळी पाहुणे जिंकले. यजमान हरले आणि हरलेल्या यजमानीण बाई जिंकलेल्या पाहुण्यांना फुकट चहा देत होत्या. सगळे हसत होते. हा कोणता खेळ आहे, हे मला अजून नीट कळलेले नाही. नाथाजी पुन्हा रोज ओरडतात, पुन्हा वाटी पुसून खातात आणि मी पुन्हा गोंधळतो.

तेव्हा मी तुम्हाला मोठा उपदेश कुठून करणार? माझी विनंती फक्त दोन गोष्टींची आहे. मला पुसताना ओले फडके वापरा, चाकूने खरवडू नका, म्हणजे वरचे दोन शब्द टिकतील. आणि ज्याच्या हातचे तुम्ही रोज खाता, त्याने वाढलेल्या वाटीत काही उरले, तर का उरले ते त्याला सांगा. थोडे ओरडून सांगितले तरी चालेल.