उरलेलं औषध

“धूरफवारणी आजच आहे हो! पिंपात सोडायला आमच्याकडून गप्पी मासे हवे तेवढे न्या! अन्न झाका, पाणी झाका, घरात शोभेचे मासे असतील तर काचेची पेटी झाका!” रिक्षात बसून मामा भोंग्यातून ओरडत होते.

“मामा, नवऱ्याला झाकायचं का?” गॅलरीतून एक बाई म्हणाली.

“डास त्याला चावून मरत असतील तर राहू द्या उघडाच.”

भोंगा हे मामांचं काम नव्हे. डास निर्मूलन विभागाच्या आवारात पत्र्याखाली सिमेंटच्या टाक्या होत्या. त्यांत गप्पी मासे वाढवायचे आणि लोकांना हौदांत, पिंपांत सोडायला द्यायचे, ही त्यांची नोकरी. गप्पी डासांच्या अळ्या खातात. विभागात नेमून दिलेलं काम न कुरकुरता करणारे तेवढेच. बायको गेल्यापासून मामा डबाही टाक्यांपाशीच उघडत. घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं. मासे निदान तोंड तरी हलवतात.

भोंगेवाला रजेवर गेला, म्हणून साहेबांनी आज मामांना रिक्षात बसवलं होतं. अख्ख्या वस्तीला सांगून घसा बसलेले मामा संध्याकाळी परतले, तर आवारात फवारणीच्या डिझेलचा वास.

“इथंही मारलंस?”

फवारणीवाला यंत्र पुसत होता. “थोडं औषध उरलं होतं. साहेब म्हणाले, वाया कशाला घालवता, आपल्याच आवारात मारा.”

“अरे, मला सांगायचं तरी!”

“मामा, सांगायला तुम्हीच तर गेला होतात.”

मामा पत्र्याखाली गेले. पाण्यावर तेलकट तवंग होता आणि मासे पांढरी पोटं वर करून कडेला गोळा झाले होते.

साहेब बाहेर आले. “वाईट झालं. पण डासही मेलेच की. यांना आता खायला तरी काय उरलं असतं?” सांत्वन म्हणून हे बरं जमलं, असं त्यांना वाटलं असावं. ते घरी गेले.

मामांनी जाळी घेतली आणि मासे बादलीत काढू लागले. एक मादी पोटानं टम्म फुगलेली होती, आज-उद्याच व्यायची. तिला त्यांनी जाळीतून हातावर घेतलं. कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“मामा, मासे द्या हो.” फाटकातून एक बाई बरणी घेऊन आत आली.

“नाहीत, ताई.”

“नाहीत कसे? सकाळी तर भोंग्यावर बोंबलत होता, हवे तेवढे न्या म्हणून!”

“हो. तेव्हा होते.” मामा वळले नाहीत. “नवे येईपर्यंत पिंप आठवड्याला घासून कोरडं करत जा.”

बाई आणखी दोन शब्द सुनवायला पुढे आली आणि तिला बादली दिसली. तिनं बरणी पाठीमागे धरली, आणि मयताच्या घरी उभं राहावं तशी कडेला उभी राहिली.