एका ओळीसाठी

बोक-सुनला सबंध कार्यक्रमातली एकच ओळ ऐकायची होती. बाकीचे अडीच तास पदरी पडतील ते मुकाट्याने सोसायचे, असं तिने ठरवलं होतं.

ओळ तिच्या लेकाची, ताक-ह्योनची. सात पोरांच्या एका गाणाऱ्या चमूत तो सातवा. सहा वर्षांत त्याच्या वाट्याला गाण्यात कधी दोन ओळी आल्या, कधी नुसता हुंकार. यंदा घशात गाठी झाल्या, शस्त्रक्रिया झाली, आणि वरचा सूर पुन्हा लागेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा चमू चालवणाऱ्या कंपनीला काय सुचलं कोण जाणे, त्यांनी त्याला पहिल्यांदाच एकट्याचं गाणं दिलं.

"आई, शेवटच्या कडव्यात एक वरचा सूर आहे," तो फोनवर म्हणाला. "तो लागला की फाटला, एवढंच मला सांग. इथे सगळे नुसतं छान-छान करतात. तू खोटं बोलत नाहीस."

हे मात्र खरं होतं. खोटं न बोलण्याचा नेम बोक-सुनने एकोणीस वर्षं पाळला होता. जोनजूच्या बाजारात तिचं लोणच्यांचं आणि तोंडीलावण्यांचं दुकान. "आजचा मुळा जरा कडवट निघालाय हो," असं ती गिऱ्हाइकाला आपणहून सांगायची, आणि गिऱ्हाईक तिचे आभार मानून शेजारच्या दुकानात जायचं.

लेकासाठी तिने शंभर दिवसांचं व्रत धरलं. पहाटे देवळात जाऊन बुद्धापुढे रोज एकशे आठ नमस्कार. गुडघे सुजले, पण खंड पडला नाही. मागणं साधंच होतं: माझ्या लेकाचं नाव हजारोंच्या तोंडी येऊ दे. खरं तर सूर लागू दे असं मागायला हवं होतं, हे तिच्या ध्यानात आलं शंभराव्या दिवशी. तोवर मागणं पोचून गेलेलं होतं.

सोलच्या त्या भल्यामोठ्या सभागृहात घरच्या माणसांसाठी वर काचेमागे खोली राखलेली होती. तिथे खाणंपिणं होतं, गारवा होता, फक्त गाणं नीट ऐकू येत नव्हतं. बोक-सुनने ती जागा नणंदेला दिली आणि स्वतः खालच्या गर्दीतलं तिकीट काढलं. आपण कुणाची आई आहोत हे कुणाला सांगायचं नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती.

शेजारी सो-दाम नावाची शाळकरी मुलगी बसली होती. दहा मिनिटांत तिने आपलं नाव, शाळा आणि गणितातले गुण सांगून टाकले.

"मावशी, दिवा उलटा धरलाय तुम्ही."

बोक-सुनने दाराशी विकत घेतलेला, गाण्याबरोबर हलवायचा दांडीचा दिवा सुलटा केला.

"तुमचा कोण? म्हणजे सातांतला आवडता?"

"ताक-ह्योन."

"अय्या! त्याचं कुणी भेटतच नाही हो. कधीपासून?"

"चोवीस वर्षं झाली."

सो-दाम खो खो हसली. "मावशी, चमूच सहा वर्षांचा आहे! पण निष्ठा असावी तर अशी."

बोक-सुन खोटं बोललेली नव्हती. ऐकणारीला खरं वाटलं नाही, त्याला तिचा काय इलाज?

सो-दामने तिच्या हातात एक छापील कागद ठेवला. कोणत्या गाण्यात कुठे ओरडायचं आणि कुठे तोंड मिटून बसायचं, सगळं त्यावर आखून दिलेलं. वाद्यं थांबून नुसते चार ठोके पडले, की गाणाऱ्यांची नावं घ्यायची, आडनावासकट.

"आडनावासकट हाक तर रागावल्यावर मारतात."

"मग रागवा! पोटातून ओरडा, मावशी. देवळात आल्यासारख्या काय पुटपुटताय?"

पहिल्या गाण्यात बोक-सुनचे ओठ नुसते हलले. तिसऱ्यात शेजारच्या दोघींना ऐकू गेलं. आठव्या गाण्यापर्यंत, कोबीच्या गाड्यावर उभी राहून तरुणपणी ती जो आवाज काढायची, तो परत आला. पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून अंगठा दाखवला. बोक-सुनला जरा बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग अंधार झाला. उजेडाच्या एका गोलात ताक-ह्योन एकटा उभा.

"नवीन गाणं," सो-दाम कासावीस होऊन कुजबुजली. "कागदावर काहीच नाही. आता ओरडायचं कुठे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पंधरा हजार माणसं गप्प बसली. बोक-सुनने हात जोडले. आवाज बारीक होता, पण तिच्या लेकाचा होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. शेवटच्या कडव्यात त्या सुराच्या अलीकडे त्याने श्वास घेतला, वाद्यं थांबली, आणि चार ठोके पडले.

"क्वोन ताक-ह्योन!"

कोण ही अडाणी बाई, असं बोक-सुनच्या मनात आलं. मग तिला आपलं तोंड उघडं असल्याचं कळलं.

"बरोब्बर! इथेच!" सो-दाम किंचाळली आणि तिनेही नाव घेतलं. मग रांगेने घेतलं, मग वरच्या सज्जांनी. पंधरा हजार तोंडांतून तिच्या लेकाचं नाव, आडनावासकट, थांबायचं नाव नाही. व्रत फळाला आलं होतं.

"अगं पोरींनो, गप्प बसा ना!" बोक-सुन ओरडली. त्यानेही गलक्यात भरच पडली.

मोठ्या पडद्यावर ताक-ह्योनचे डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. जबडा इतका उघडला होता की भरलेली दाढसुद्धा दिसत होती. सूर तेवढा कुठे सापडला नाही.

कार्यक्रम सुटल्यावर ती बाहेर टॅक्सीच्या रांगेत उभी असताना फोन आला. घशाला जपून तो कुजबुजत होता.

"आई, लागला का?"

"मला ऐकू नाही आला."

"वर काचेमागे आवाज नीट पोचत नाही का?"

काचेमागे आवाज नीट पोचत नाही, हे अक्षरशः खरं होतं. तेवढंच म्हणाली असती तरी नेम मोडला नसता. वाक्य तिच्या ओठांवर आलंही. तिने ते गिळलं.

"मी खाली होते," ती म्हणाली. "ती पहिली आरोळी माझी होती रे."



"ती तू होतीस?"

"चार ठोके पडले. मला वाटलं..."

"आई, सूर फाटला. उभा फाटला. मला माझ्या कानात ऐकू आला, बाकी कुणाला नाही. आमचे दिग्दर्शक तर नाचतायत. म्हणाले, काय जागा हेरली बाईने, उद्याच्या कागदावर छापूनच टाका."

"मग तुझा सूर?"

"बरा व्हायला महिने लागतील. तोवर..." तो घुटमळला. "उद्याही आहे कार्यक्रम. राहशील?"

तिची बस सकाळची होती. दुकानात मुळा मिठात पडला होता.

"मी ऐकायला आले होते, ताक-ह्योन."

"ठाऊक आहे मला. पण आई, उद्या जरा आधी ओरड. तिसऱ्या ठोक्याला. आज सुराचा सुरुवातीचा तुकडा उघडाच राहिला."

रांग दोन पावलं पुढे सरकली. बोक-सुनही सरकली.

"तिसऱ्याला. बरं," ती म्हणाली. "आणि तू आता बोलू नकोस."