मनकवड्या महाराजांचा डावा कान

बाळापूर रोडवरच्या टिनाच्या शेडमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते. दीड-दोनशे माणसं मांडी घालून बसलेली आणि पुढं माइकवर मनकवडे महाराज. हे महाराज कुणाला काही विचारत नाहीत. माणूस समोर आला की डोळे मिटतात, डावीकडे मान कलती करतात आणि त्याच्या घरातलं घडाघडा सांगू लागतात. लोक हात जोडतात, बायका रडतात. मी मोटारपंप रिवाइंड करणारा माणूस. न विचारता, न उघडता कुणी दोष सांगू लागला की मला आधी त्याचाच संशय येतो.

मी गेलो होतो भाचीपायी. रागिणी अकोल्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. हिवाळी परीक्षेत तिच्या छातीत एकाएकी धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले आणि पोरगी कोरा पेपर ठेवून बाहेर आली. तेव्हापासून अकोल्याच्या एसटीत चढलं की तसंच होई. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठणठणीत निघालं. ते म्हणाले, समुपदेशकाला दाखवा. माझी बहीण कौशल्या भडकलीच. "माही पोरगी पागल हाय काय?" गावात तिनं टायफॉइड सांगितला आणि पोरीला महाराजांपुढं बसवलं.

महाराजांनी डोळे मिटले आणि माइकवर गरजले, "पोरगी कोरा पेपर देऊन आली! वरतून टायफॉइडचं सोंग! बाहेरची बाधा हाय. अकरा गुरुवार या अन् कॉलेज बंद करा!"

कौशल्या पायांवर पडली. "मी तं शब्दबी बोलली नव्हती व माय!" शेडमध्ये आमच्या गावची आठ-दहा माणसं तरी होती. रागिणीनं मान वर केली नाही. घरी गेल्यावर दोन दिवस जेवली नाही. मला त्या महाराजाचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

"तू खरंच कोणालेच सांगतलं नाही?" मी कौशल्याला विचारलं.

"कोणालेच नाही रे. लायनीत एक मनकर्णाबाई होती, तिचीबी पोरगी अशीच हाय म्हने. रडून रायली होती बिचारी. तिले सांगतलं, तेवढंच."

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांचं हे असंच. शेजारच्या अनोळखी माणसाला 'कोण्या गावचे, कोणाचे' विचारून झालं की दहा मिनिटांत सगळं घर उघडं करायचं आणि ते 'सांगितलं' यात धरायचंच नाही.

पुढच्या गुरुवारी मी एकटा रांगेत शिरलो. माझी बायको सीमा कौशल्याला घेऊन मागं बसली. कौशल्यानं लांबूनच खुणेनं दाखवल्या त्या मनकर्णाबाई हजर होत्याच, मांडीवर पिशवी घेऊन. "पह्यल्यांदाच आली भाऊ मी. तुमाले काय तरास हाय?"

मी डोळे पुसले. "काय सांगू माय! माही बायको सीमा हिरीत पडून गेली. रोज सपनात येते, भाकर मांगते."

पाळी आली. महाराजांची मान डावीकडे कलली. "तुह्या मांगं एक बाई उभी हाय! ओलीचिंब! सीमा नाव हाय तिचं! भाकर मांगून रायली!"

"मांगंच हाय महाराज," मी म्हणालो, "पण उभी नाही, बसली हाय. अन् कोरडी हाय."

सीमा उठली. तिनं मनकर्णाबाईंची पिशवी उचलली. आत मोबाइल चालू होता, फोन जोडलेला. सीमानं पिशवीत तोंड घालून हाक मारली, "हॅलो महाराज! भाकर आणली काय?"

महाराज गादीवरून हातभर उडाले आणि त्यांनी डावा कान गच्च धरला. फेट्याखालून इअरफोन टपकन मांडीवर पडला. शेड हसून हसून बेजार झालं. कौशल्या मात्र हसली नाही. ती मनकर्णाबाईंपुढं जाऊन म्हणाली, "मी तुले बहीण समजून सांगतलं होतं व."

मग आम्ही अकोल्याला समुपदेशक जुईली मॅडमकडे गेलो. फी त्यांनी फोनवरच सांगितली. पन्नास मिनिटांचे सहाशे; झेपत नसेल तर विद्यार्थ्यांना कमी करते, आणि सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात नाममात्र पैशांत होतं, तेही सांगितलं. "नुसतं बोलाचे सहाशे?" कौशल्या कुरकुरली.

मॅडमनी विचारलं, कधीपासून होतं, झोप लागते का, तुला स्वतःला काय हवंय. कौशल्या माझ्या कानाशी लागली, "इले तं काईच मालूम नाही रे! आपल्यालेच इचारून रायली!"

मॅडमना ते ऐकू गेलं. त्या हसल्या. "खरंच मला माहीत नाही, ताई. म्हणून तर विचारते. आजच बरं वाटेल असंही नाही. सहा-सात भेटींनंतर फरक पडतोय का ते रागिणी आणि मी मिळून बघू. नाही पडला किंवा माझ्याशी जमलं नाही, तर दुसरीकडे पाठवीन. आणि जिवाला धोका असेल तेवढं सोडून इथलं काही बाहेर जात नाही. आता तुम्ही दोघं बाहेर बसा."

पन्नास मिनिटांनी रागिणी बाहेर आली. डोळे लाल, पण मान वर.

"काय काय बोलली व?" कौशल्यानं लगेच विचारलं.

"ते माह्यंच राहू दे, आई."

चांगलं वाटायला महिना-दीड महिना गेला. मधल्या दोन भेटींनंतर तर ती जास्तच रडली. मॅडमनी तसं होऊ शकतं म्हणून सांगून ठेवलं होतं. पाचव्या भेटीला ती एकटी एसटीनं गेली. वाटेत धडधडलं, पण उतरली नाही. उन्हाळी परीक्षेला त्याच हॉलमध्ये तीन तास बसली.

तेव्हा बाबांनो, मन दुखत असेल तर दाखवा, त्यात लाज कसली! पण जाल त्याला पारखून घ्या. तो विचारतो का, पैसे आधी सांगतो का, हमखास बरं करायची खोटी हमी तर देत नाही ना, तुमचं दुःख चारचौघांत तर मांडत नाही ना, एवढं बघा. आणि जो न सांगताच सगळं ओळखतो, त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. बहुधा तुम्हीच.