कबुलीचा बुधवार

जालना शहर संपून मोसंबीच्या बागा सुरू होण्याआधी जो मोकळा तुकडा लागतो, त्यावर एम्माऊस कला महाविद्यालय उभं आहे. सगळे त्याला मिशन कॉलेज म्हणतात. इमारत दगडी, विद्यार्थी थोडे, आणि ख्रिस्ती विद्यार्थी त्याहून थोडे. बाकीचे परतूर, घनसावंगी, तीर्थपुरीकडचे. घरी गणपती बसवणारे आणि सकाळी कॉलेजच्या चॅपलमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणणारे. प्रार्थना त्यांना प्राचार्यांपेक्षा पक्की येते. पाठांतर हाच त्यांचा मुख्य विषय, बी.ए. त्यानंतर.

या कॉलेजात अंतर्गत चाचणीला पर्यवेक्षक नसतो. विद्यापीठाच्या परीक्षेला असतो, कारण विद्यापीठाचा कोणावर विश्वास नाही. चाचणीला मात्र शिक्षक प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवतात आणि चॅपलच्या व्हरांड्यात जाऊन चहा पितात. कॉलेज काढणाऱ्या मिशनऱ्याने ही पद्धत घालून दिली. वर्ग आपल्यातला एक विश्वस्त निवडतो. तो पेपर वाटतो, गोळा करतो आणि सगळं सचोटीनं झालं असं सांगतो. दुसऱ्या कॉलेजांतले लोक हे ऐकून हसतात. हसून झालं की आपल्या मुलीचं नाव इथे घालतात.

दुसरी पद्धत बुधवारची. बुधवारी प्रार्थना झाली की प्राचार्य रेव्हरंड शांतवन आढाव विचारतात, कोणाला काही सांगायचं आहे का. ज्याला सांगायचं तो उभा राहून सांगतो, सगळे एका सुरात "क्षमा केली" म्हणतात, आणि तो विषय तिथे मिटतो. पुन्हा काढायचा नाही, असा नियम आहे. बहुतेक बुधवारी कोणीतरी मेसमध्ये जादा पोळी घेतल्याचं सांगतो. पोळीला आजवर कायम क्षमा मिळालेली आहे.

इतिहास शिकवायला प्रा. गिरिधर आष्टीकर होते. शिकवायला म्हणजे नोट्स सांगायला. सर खिडकीशी उभे राहत, बाहेर लावलेल्या आपल्या नव्या गाडीवर नजर ठेवत आणि युरोपचा इतिहास तोंडपाठ सांगत. पोरं लिहून घेत. "स्वल्पविराम" म्हटलं की स्वल्पविराम पडे, "परिच्छेद" म्हटलं की परिच्छेद. सरांचं मन त्या वेळी कुठे असे हे सांगता येणार नाही. बहुधा गाडीपाशीच. इतकी वर्षं तेच सांगितल्यावर तोंडाला मनाची गरज उरत नाही.

त्या सत्रात तृतीय वर्षाची विश्वस्त अर्पिता होती. तीर्थपुरीची, वसतिगृहात राहणारी, वर्गात पहिली येणारी. चाचणी झाली, तिने गठ्ठा सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सचोटीनं झालं म्हणून सांगितलं.

रविवारी सर घरी पेपर तपासायला बसले. पहिल्या पेपरात लिहिलं होतं, "एल्बा बेटावर, सागराच्या साक्षीने, त्या सिंहपुरुषाने शेवटचा श्वास घेतला." सर हसले. नेपोलियन एल्बावर नुसता कैदेत होता, तिथून तर तो निसटला. मेला सेंट हेलेना बेटावर, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यांनी लाल रेघ मारली. दुसऱ्या पेपरात तेच वाक्य. तिसऱ्यात तेच, स्वल्पविरामांसकट. अर्पिताच्या पेपरात तर अक्षरही सुंदर होतं, त्यामुळे चूक जास्तच उठून दिसत होती.

सरांनी चहा थंड होऊ दिला. वर्गाने गाइडातून कॉपी केली म्हणून त्यांना वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. पर्यवेक्षक नेमा असं ते मीटिंगमध्ये कधीपासून सांगत होते.

सोमवारी ते वर्गात आले ते पेपर घेऊनच. बसायला न सांगता त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मग ते बोलले. बस स्टँडवर मिळणाऱ्या गाइडांबद्दल बोलले. असली भिकार, पोकळ, नाटकी भाषा लिहिणाऱ्या माणसाला इतिहासाचा गंध तरी असेल का, असं विचारलं. "सागराच्या साक्षीने" हे शब्द त्यांनी तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून दाखवले. ज्या कोणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला शिक्षक म्हणणं हा शिक्षकांचा अपमान आहे, असंही ते म्हणाले.

पोरं सरांकडे बघत नव्हती, एकमेकांकडेही बघत नव्हती. माऊली नावाचा एक पोरगा, जो एरवी कशावरही काहीतरी बोलतोच, तोही आपल्या चपलेचा अंगठा न्याहाळत बसला होता. सरांना ही शरम वाटली. शरम ती होतीच. फक्त कोणाची होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी सरांनी अर्पिताच्या वडलांना, कारभारींना, फोन केला, कारण विश्वस्त ती होती. पालक संपर्क समिती म्हणजे सर एकटेच होते. कारभारी त्या वेळी शेतात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, पोरगी कबूल करती का. सर म्हणाले, बुधवारी कळेल.

मंगळवारी मेसच्या ओट्यावर वर्गाची बैठक झाली. आपण सरांच्याच नोट्स पाठ करून तशाच उतरवल्या, हे सरांना सांगायचं का, असा प्रश्न होता. सगळ्यांना माहीत होतं की सांगणं सोपं आहे. पण मग सर ज्याला भिकार आणि पोकळ म्हणाले, ते सर स्वतःच निघणार. तेही तीन आवाज काढून झाल्यावर.

माऊली म्हणाला, "हे पाहा, सांगितलं तर सर मरतील. कबूल केलं तर बुधवारी क्षमा होऊन जाती. आपल्याला क्षमेची सवय आहे, सरांना न्हाई."

सगळ्यांना हे पटलं. अर्पिता नुसती ओट्याची कड खरवडत होती. तिच्या घरी फोन गेला होता, बाकीच्यांच्या नव्हता.

बुधवारी रेव्हरंड आढावांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तृतीय वर्ष इतिहासाचा अख्खा वर्ग उभा राहिला. रेव्हरंडांनी चष्मा काढला. एकेकाने सांगितलं, मी कॉपी केली. सांगताना सगळ्यांचे आवाज इतके सारखे होते की ते वाक्यही कोणी लिहून दिलंय असं वाटावं. अर्पिता शेवटी उभी राहिली. "मी पाहिलं आणि थांबवलं न्हाई," ती म्हणाली, "मी पण केली."

"क्षमा केली," सगळं चॅपल म्हणालं. आष्टीकर सरही म्हणाले. बाहेर पडल्यावर ते रेव्हरंडांना म्हणाले की मुलं शेवटी संस्कारी आहेत, पण पुढच्या सत्रापासून पर्यवेक्षक हवाच. रेव्हरंड म्हणाले, बघू. त्यांना काहीतरी खुपत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ पापं ऐकली होती, पण इतकी टापटीप कधी ऐकली नव्हती.

चॅपलमध्ये विषय मिटला. तीर्थपुरीत मिटला नाही. तिथे बुधवारची पद्धत नाही. कारभारींनी संध्याकाळी मुलीला फोन केला, कबूल केलं असं ती म्हणाली, आणि त्यांनी शनिवारी जीप घेऊन येतो, सामान बांधून ठेव, एवढंच सांगितलं. नंदाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, पाठीमागून काहीतरी म्हटलं ते फोनवर नीट ऐकू आलं नाही. कारभारींचं म्हणणं सरळ होतं. पोरगी शिकायला पाठवली होती. चोरी शिकायची तर तिला जालन्याला ठेवायची गरज न्हाई.

शनिवारी बहिःस्थ विद्यार्थ्यांचा तास असतो. त्यात नोकरी करून शिकणारी मोठी माणसं येतात. अभ्यासक्रम तोच. सर खिडकीशी उभे राहिले. बाहेर एक जीप त्यांच्या गाडीला फारच चिकटून लागली होती, तिच्यावर त्यांनी नजर ठेवली आणि सांगायला लागले. वॉटर्लू झालं. परिच्छेद. मग जीपमधून धोतर-टोपीतला एक माणूस उतरला, आणि सरांनी गाडीवर ओरखडा पडला का ते पाहायला मान वाकडी केली. तोंड चालूच होतं.

मागून भिवा नावाचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, माघारी राहिलो. कशाच्या साक्षीनं?"

"सागराच्या," सर सवयीने म्हणाले. "सागराच्या साक्षीने, स्वल्पविराम, त्या सिंहपुरुषाने..."

आणि थांबले.

वर्गातली पेनं थांबली. कोणाला वाटलं पूर्णविराम आहे, त्याने पूर्णविराम दिला. सर खिडकीपासून वळले. त्यांनी भिवाला विचारलं, "मी आत्ता बेटाचं नाव काय सांगितलं?"

"एल्बा, सर."

"तुम्हाला माहीत आहे तो कुठे मेला?"

भिवा तलाठी कार्यालयात कामाला होता, साहेबाने विचारल्यावर कसं उत्तर द्यायचं ते त्याला माहीत होतं. "आता तर एल्बाच लिहून राह्यलो, सर," तो म्हणाला.

सरांच्या कानात सोमवारचा त्यांचाच आवाज घुमला. तीनही आवाज. अर्पिताला न्यायला आज तिचे वडील येणार, हे त्यांनी सकाळीच ऐकलं होतं. ते वर्गाबाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते गाडीकडे न बघता गाडीजवळून गेले.

जीप आता मुलींच्या वसतिगृहाच्या दारात होती, मागचा फाळका उघडा. अर्पिताची पेटी आणि गादीची वळकटी बाहेर आली होती. रेव्हरंड आढाव कारभारींना समजावत होते, की इथे क्षमा झालेली आहे. कारभारी हात जोडून ऐकत होते आणि पेटी उचलतही होते.

सर धापा टाकत आले. "कारभारीभाऊ, थांबा. हिने कॉपी केलेली नाही. कोणीच केली नाही. मीच चुकीचं सांगितलं होतं. मी सांगितलं तेच मुलांनी लिहिलं, आणि मीच त्यांना चोर म्हणालो."

कारभारींनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. हा आदर सरांना सहन झाला नाही.

"तुमचं मन मोठं आहे, सर," ते म्हणाले. "पण पोरीसाठी तुम्ही खोटं बोलावं हे मला बराबर वाटत न्हाई. तिनं सोताच्या तोंडानं कबूल केलं, चारचौघांत."

सर पहिल्यांदा खरं बोलले होते आणि त्याबद्दल त्यांना मोठेपणा मिळत होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दारात मुली जमल्या होत्या. त्यांत अर्पिताच्याच वर्गातली, तिच्याच खोलीत राहणारी प्रीती होती.

"प्रीती, इकडे ये. भिऊ नकोस. यांना सांग, नेपोलियन कुठे वारला?"

प्रीतीने सरांकडे पाहिलं. मग अर्पिताकडे, मग प्राचार्यांकडे. तिने मनापासून विचार केला.

"सर, तुम्ही सांगाल तिथं," ती म्हणाली.

रेव्हरंडांनी पुन्हा चष्मा काढला. आपल्या कॉलेजात काय शिकवलं जातं, हे त्यांना एका वाक्यात कळलं होतं, आणि ते कोणत्या बुधवारी सांगायचं याचा ते विचार करत असावेत.

कारभारींनी पेटी खाली ठेवली. ते मुलीकडे वळले. "तुला ठावं होतं?"

"हो."

"कुठं मेला मग तो?"

"सेंट हेलेनाला."

"मंग तसं लिव्हलं का न्हाई?"

"सरांनी दुसरं सांगितल्तं."

"आणि चॅपलात? तिथं तर सांगायचं."

अर्पिता जमिनीकडे बघत होती. "सर लय बोलले होते त्या वाक्याला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर त्यांना कसं वाटलं असतं."

प्रीती वळकटीची दोरी घट्ट करायला लागली, ती आधीच घट्ट होती. सर उभे होते, कारण बसायला काही नव्हतं. आपल्याला या पोरीने आठवडाभर सांभाळलं, आणि त्यासाठी ती शिक्षण सोडून जीपमध्ये बसायला निघाली होती, हे त्यांना आता नीट दिसत होतं. एखाद्या वर्गाने आपल्याला इतकं कमकुवत समजावं, आणि ते बरोबर असावं.

कारभारींनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मग मुलीला म्हणाले, "चोर न्हाईस. पण देवाच्या घरात खोटं बोललीस."

"हो, बाबा."

"ऱ्हा मंग इथंच. ते निस्तरून ये." त्यांनी वळकटी उचलून दाराच्या आत टेकवली. मग ते सरांकडे आले. चेहऱ्यावर राग नव्हता, सरांना तो चालला असता. "सर, एक इनंती हाय. ती माझं न्हाई ऐकत, तुमचं ऐकती. तुमचं चुकलं तर तिनं सांगायचं का न्हाई, ते तुम्हीच सांगून ठेवा. म्हंजे पुन्हा मला जीप करून यावं लागणार न्हाई."

रेव्हरंड म्हणाले, हे बुधवारी सावकाश करू. सर म्हणाले, बुधवारी करीनच, सगळ्यांसमोर करीन, पण हे आत्ता.

ते अर्पिताकडे वळले. इतकी वर्षं ते वर्गात बोलले होते, पण कोणाकडे बघून बोलायची वेळ फार थोडी आली होती. "सांगायचं," ते म्हणाले. "चुकलं तर सांगायचं. तिथल्या तिथं. सगळ्यांसमोर."

अर्पिताने मान हलवली. मग ती तशीच उभी राहिली, जायचं नाव काढेना.

"काय?" सरांनी विचारलं.

"सर, रागावणार न्हाई ना?"

"नाही."

"मंग अजून आहेत थोड्या."

दारातल्या मुली हसल्या नाहीत. प्रीतीने तर होकारार्थी मान डोलावली. सरांनी एकदा आपल्या गाडीच्या दिशेने पाहिलं, मग वसतिगृहाच्या पायरीवर रुमाल न पसरताच बसले. कारभारींनी जीपवाल्याला हाताने थांब म्हणून खुणावलं आणि तेही दुसऱ्या टोकाला टेकले, मुलीचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.

"सांग," सर म्हणाले.

ती पहिल्या प्रकरणापासून सुरू झाली.